पटकीचं कारण

गेल्या आठवड्यात वकीलसाहेब स्वतः घरी आले. जिना चढून दम लागला होता, तरी बसायच्या आधीच म्हणाले, "मास्तर, नाही म्हणायचं नाही."

आमच्या रविवारच्या मंडळीला पंधरा वर्षं होतात म्हणे. त्यानिमित्त समारंभ आहे, पुण्याहून पाहुणे यायचे आहेत, आणि माझा सत्कार व्हायचा आहे. नारळ नाही, शाल नाही. मंडळीच्या रिवाजाप्रमाणे एक चांगलं पुस्तक. कशाबद्दल? तर ज्या काळी सोलापुरात कोणी धजत नव्हतं, त्या काळी मी एका अस्पृश्य भगिनीच्या हातची भाकरी खाल्ली, याबद्दल.

मी गप्प बसलो. गप्प बसणं मला चांगलं जमतं. त्याच जोरावर लोक मला विनयशील समजतात. वकीलसाहेबांनीही तो विनयच धरला, चहा घेतला आणि गेले. ते गेल्यावर मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. आधी त्यांचा आला, मग साऱ्या मंडळीचा आला, आणि माझा स्वतःचा तर इतका, की लिहिल्याशिवाय सुटका नाही.

ती भाकरी मी खाल्ली नव्हती.

मंडळी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण तिची सुरुवात खोटी नव्हती. या शहरात ज्याला त्याला बसायची आपापली जागा आहे. तेलुगू विणकरांची भजनं आहेत, लिंगायतांचे मठ आहेत, मशिदी आहेत, मिशनचं देऊळ आहे. देवाधर्मावरचं मन उडालेल्या आम्हा दहाबारा जणांना मात्र रविवारी सकाळी कुठे जावं हे कळत नसे. चार माणसांत जाऊन बसायची लहानपणापासूनची सवय, ती काही देवाबरोबर जात नाही. म्हणून एका कापूस व्यापाऱ्याची रिकामी वखार मागून घेतली, तरटं अंथरली आणि बसायला लागलो. आढ्याला चिकटलेला कापूस वारं आलं की खाली यायचा आणि सगळे खोकायचे. नव्या माणसाला वाटायचं, इथे दम्याचे रोगी जमतात.

मूर्ती नाही, पोथी नाही, गुरू नाही. या आठवड्यात आपल्याला नवं काय कळलं, ते प्रत्येकानं आळीपाळीनं सांगायचं. मग एक गाणं. देवाचं नाव नसलेलं गाणं शोधताना आमच्या नाकी नऊ आले. जात्यावरच्या ओव्या घ्याव्या, तर दुसऱ्या ओवीत विठोबा हजर. तिथे सगळ्यांनी मिळून खाकरायचं असं ठरलं. बायका ओवी म्हणायच्या, पुरुष वेळ साधून खाकरायचे. आम्हाला त्यात हसू येत नसे, आणि आज हेच मला विलक्षण वाटतं.

भेटल्यावर काय म्हणायचं, यावर तर दोन रविवार वाद झाला. रामराम नको, सलाम नको, नमस्कारातही काहींना देव दिसला. शेवटी आमच्यातल्या पुस्तकबांधणीवाल्या मुसलमान गृहस्थांनी कंटाळून म्हटलं, "भेटलो तर 'भेटलो' म्हणा की. और क्या?" तेच ठरलं. भर बाजारात आम्ही एकमेकांना "भेटलो, मास्तर", "भेटलो, साहेब" असं म्हणायचो आणि लोक वळून बघायचे. आम्हाला त्याचा मोठा अभिमान.

आणि पंगत. दर रविवारी एका घरची पाळी. भाकरी, एक भाजी, शेंगाचटणी, जास्त काही नाही. ज्या घरची पाळी त्या घरच्या बाईनं यायचं आणि वाढायचं. बायका घराबाहेर पडाव्यात म्हणून हा नियम मुद्दाम केला होता. सगळे एका ओळीत बसून जेवायचे. ही पंगत म्हणजेच आमचं देऊळ, असं वकीलसाहेब पाहुण्यांना सांगत.

मिलमध्ये सूत कातायच्या खात्यात काम करणारा एक जण पुढे आमच्यात आला. मूळचा मोडनिंबकडचा. गावात त्याची वस्ती वेशीबाहेर, इथेही मिलच्या मागे वेगळ्या आळीत. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, मजुरी जास्त मिळे, पण तिथे त्याला घेत नसत. कापड विणताना धोट्यातून सुताचं टोक ओढून काढायला ते तोंडानं शोषावं लागतं. एकाच धोट्याला पाळीपाळीनं चार जणांचं तोंड लागतं. तिथे याचं तोंड कसं चालणार? आमच्या मंडळीनं त्याविरुद्ध ठराव केला, वकीलसाहेबांनी मिलच्या फाटकासमोर भाषण केलं, आणि ते भाषण ऐकून हा गडी पुढच्या रविवारी वखारीच्या दारात येऊन उभा राहिला. वाकून, हात जमिनीकडे नेत म्हणाला, "जोहार."

त्याच्या बापानं, आज्यानं पाटील-कुलकर्ण्यांना तोच घातला होता. आम्ही सगळे धावलो. "जोहार नाही, जोहार नाही! इथे 'भेटलो' म्हणायचं." त्याला ते जमायला बरेच रविवार लागले. 'जो' म्हणून अडायचा, हसायचा, आणि मग म्हणायचा, "भेटलो की, मास्तर." ज्या दिवशी तो न अडता म्हणाला, त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या.

वर्षभर तो आमच्या पंगतीला होता. पाहुणे आले की त्याला पुढे बसवायचो. त्याची पाळी मात्र लागली नव्हती, कारण बायको गावाकडे होती. ती आली तसा तो माझ्याकडे आला. मंडळीचं चिटणीसपण माझ्याकडे होतं.

"मास्तर, या रव्वारी आमची पाळी लावा."

"लावू की."

तो घुटमळला. "तिचा इस्वास बसंना. म्हनती, ते तुमच्या शेजारी बसून खात असतील, माझ्या चुलीवरचं खायाचे न्हाईत. तुमी येडं हायसा म्हनती मला." तो हसला. "म्या म्हनलं, अगं, मास्तर हाय की तितं."

दोनच दिवसांनी संध्याकाळी वकीलसाहेबांनी मला बोलावून घेतलं. दार लोटून घेतलं.

"मला व्यक्तिशः काहीच अडचण नाही," ते म्हणाले.

हे वाक्य त्या आठवड्यात मी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलं. व्यक्तिशः अडचण कोणालाच नव्हती. ज्याची त्याची अडचण दुसऱ्याच्या घरात राहत होती. कोणाची आई, कोणाची सासू, कोणाची लग्नाची बहीण.

"चार घरच्या बायका यायच्या बंद होतील," वकीलसाहेब म्हणाले. "मंडळी मोडेल. मंडळी मोडली तर नुकसान कोणाचं? त्याचंच."

"मग नको म्हणून सांगा त्याला."

"असं कसं सांगता येईल? आपण तत्त्वाला बांधलेले." ते थोडा वेळ दिव्याची वात खालीवर करत राहिले. "सगळ्यांना सारखं लागू होईल, असं काहीतरी पाहिजे. तुम्ही शास्त्र शिकवता."

मी शाळेत शास्त्र शिकवत होतो, हे खरं. त्याच महिन्यात मी मंडळीत जंतूंवर व्याख्यान दिलं होतं. शाळेतलं सूक्ष्मदर्शक यंत्र आणून सगळ्यांना तळ्याच्या पाण्याचा थेंब दाखवला होता. तो मिलवालाही डोळा लावून बघत बसला होता आणि बाजूला व्हायला तयार नव्हता.

मी म्हणालो, "मोहोळकडे एका गावात पटकी लागलीय, असं ऐकतो."

वकीलसाहेबांचा चेहरा उजळला. "उत्तम," ते म्हणाले. "हे शास्त्रीय आहे."

आमच्या गल्लीतला सोवळा भटजी त्या माणसाला तोंडावर "लांब हो" म्हणाला असता. ते वाईटच. पण त्यानं त्यासाठी सूक्ष्मदर्शक यंत्र वापरलं नसतं. आम्ही सुधारलेले होतो. आम्ही त्याला जवळ बसवून, त्याच्याच भल्याचं सांगून, लांब केलं. विटाळाला आम्ही जंतू म्हटलं आणि आमची मान ताठच्या ताठ राहिली.

निदान बाई घरून निघायच्या आधी त्याला जाऊन सांगावं, एवढी माणुसकी मला सुचली होती. सकाळी लवकर निघालोही. पण पाय मिलच्या मागच्या आळीकडे न वळता तळ्याकडे वळले. तळ्याला पुरा वळसा घालून मी वखारीत पोचलो तेव्हा ती आली होती.

हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. कोरी पाटी, कोरं गाडगं, भाकऱ्यांवर कोरं फडकं. कोणाला बोलायला जागा राहू नये म्हणून तिनं सगळं नवं आणलं होतं. वांग्याच्या भाजीचा वास वखारभर होता. ती बसली नव्हती. पाटीशी उभी होती, पदर दोन्ही हातांनी धरून.

वकीलसाहेब म्हणाले, "आज एक सूचना आहे. मास्तर समजावून सांगतील."

आणि मी समजावून सांगितलं. पुरं व्याख्यान दिलं. पटकी म्हणजेच कॉलरा, तिचे जंतू कसे असतात, पाण्यातून, अन्नातून कसे जातात, बाहेरून आणलेलं शिजवलेलं अन्न या दिवसांत का टाळावं. माझा आवाज कुठेही अडखळला नाही. वर्गात लागतो तसा लागला.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला विचारलं, "काय म्हनत्यात?"

"पटकी हाय म्हनत्यात."

"कुनाला?"

मंडळी माझ्याकडे बघू लागली. मग वकीलसाहेब म्हणाले, "कोणाला नाही, बाई. होऊ नये म्हणून."

"आन् मागल्या रव्वारी? ह्ये सांगत व्हते, तुमच्या घरचं लाडू व्हतं."

"तेव्हा पटकी नव्हती."

"आठ दिवसांत आली?" पुस्तकबांधणीवाले मागून म्हणाले. "चालत आली का टांग्यात बसून आली, वकीलसाब?" ते पुढे आले, चपला काढल्या आणि तरटावर मांडी घालून बसले. "मला वाढा, भाभी. भूक लागली. पटकी आली तर तिलाबी भाकरी देऊ की."

तिनं वाढलं. तिचा नवरा त्यांच्या शेजारी बसला, पण त्याची भाकरी हातातच राहिली. तो मान वर करीना. बाकीची मंडळी एकेक करून उठली आणि बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. कोणी चपला शोधत होतं, कोणी घड्याळ बघत होतं. मी उंबऱ्यात होतो. आत नाही, बाहेर नाही.

ती माझ्याजवळ आली. दोन भाकऱ्या, मध्ये भाजी, फडक्यात बांधलेली पुरचुंडी. "मास्तर, हितं नगं तर घरी खावा. ह्ये तुमचं नाव लई काढत्यात."

मी हात पुढे केला. पुरचुंडी घेतली. बाहेर उन्हात उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं. माझी कीर्ती आहे ती एवढीच.

मी परत तळ्याकडे गेलो. खाण्यासाठीच गेलो, हे शपथेवर सांगतो, माझ्या शपथेला किंमत असेल तर. पायरीवर बसून फडकं सोडलं. भाकऱ्या अजून ऊन होत्या. मला भूक होती. तुकडा मोडला, भाजीत बुडवला, ओठांपर्यंत नेला. पुढे गेला नाही. शिसारी आली नव्हती, वास तर भूक वाढवणारा होता. तरी दातखीळ बसावी तसं तोंड मिटलेलं राहिलं. धोट्याला याचं तोंड लागू देत नाहीत म्हणून ज्या तोंडानं मी ठराव वाचला होता, तेच हे तोंड. मी तुकडा दोनतीनदा खाली ठेवला आणि उचलला, आणि दर वेळी मला माझाच राग आला. रागानंही तोंड उघडलं नाही.

अन्न टाकणं जमणारं नव्हतं. ते आमच्या रक्तातच नाही. पायऱ्यांच्या वर एक गाय उभी होती. मी वर गेलो आणि दोन्ही भाकऱ्या तिच्यापुढे धरल्या. तिनं भराभर खाल्ल्या. आणि माझा हात, देव न मानणाऱ्या माणसाचा हात, आपोआप तिच्या पाठीला लागून माझ्या कपाळाला लागला.

मागे वळलो तर तो उभा होता. हातात पानाची पुडी. पुरचुंडीत शेंगाचटणी बांधायची राहिली म्हणून बायकोनं त्याला माझ्यामागे पळवलं होतं.

त्यानं पुडी पायरीवर ठेवली. मग वाकला, हात जमिनीकडे नेला आणि म्हणाला, "जोहार, मास्तर." एकदाही न अडता.

पुढच्या रविवारी तो आला नाही. पुस्तकबांधणीवालेही आले नाहीत. मी त्यांच्या दुकानावर गेलो तर म्हणाले, "पटकी गेली की सांगा, येतो." पटकी तर लगेच गेली. दोनच रविवारांनी वकीलसाहेबांच्या घरचा शिरा आला आणि सगळ्यांनी एका ओळीत बसून खाल्ला. त्या पंगतीत कोणीतरी विचारलं, "काय मास्तर, ती भाकरी खाल्लीत ना?" मी म्हणालो, "हं."

या 'हं'वर त्यांनी सगळा इमला उभा केला. वर्षागणिक तो वाढला. आधी मी भाकरी खाल्ली, मग सर्वांसमोर खाल्ली, मग मंडळीनं ठरवून ती मला खायला लावली. प्रत्यक्ष बसून जेवलेल्या माणसाचं नाव त्यात कुठेच नाही. एकदा मी वकीलसाहेबांना पुस्तकबांधणीवाल्यांची आठवण करून दिली तर म्हणाले, "त्यांचं काय, त्यांना चालतंच." म्हणजे ज्यानं केलं त्याचं काही नाही, कारण त्याला ते जड गेलं नाही. ज्याला इतकं जड गेलं की त्यानं केलंच नाही, त्याला पुस्तक.

काल मी वकीलसाहेबांकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. गाईसकट. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"अहो पण," ते म्हणाले, "त्या वेळी पटकी होतीच की. तुम्हीच तर सांगितलं होतंत."

ते खोटं बोलत नव्हते. माझं खोटं त्यांच्याकडे इतकी वर्षं राहून खरं झालं होतं. त्यांना त्या दिवशीची पटकी आठवते. बाईचं लुगडं आठवत नाही.

"आणि आता पाहुण्यांना कळवून झालंय," ते म्हणाले. "चांगल्या गोष्टीत बारीकसारीक बघू नये."

मी म्हणालो, "मी येईन आणि हेच बोलेन." ते हसले. मास्तर बोलायचे नाहीत, याची त्यांना खात्री आहे. इतकी वर्षं मीच ती दिली आहे.

पण रविवारी उभं राहून परक्या पाहुण्यांना सांगायचं, तर जिचं आहे तिला आधी सांगितलं पाहिजे. म्हणून आज सकाळी मिलच्या मागच्या आळीत गेलो. त्या वेळी जी वाट टाळली, ती घरापासून किती जवळ आहे हे आज कळलं. तो कामावर होता. ती दारात सुपात ज्वारी निवडत होती. केस पिकलेत. मला बघून तिनं पदर सारखा केला.

"मास्तर व्हय? बसा." तिनं पोतं टाकलं. दाराबाहेर.

मी सांगितलं. ती निवडतच होती.

"ठावं हाय," ती म्हणाली. "ह्यांनी तवाच सांगितलं. गाईनं खाल्लं न्हवं? वाया तर न्हाई गेलं."

एवढं ऐकून उठायला हवं होतं. पण माझ्यासारख्याला माफीही हातात पडल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हणालो, "बाई, आज वाढलंत तर खाईन."

तिनं हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. आत चुलीवर भाकरी टाकलेली होती. तिच्या सुनेच्या हातांचा थपथप आवाज येत होता, आणि दाराच्या वरच्या चौकटीखालून धूर बाहेर येऊन माझ्या डोळ्यांत जात होता.

"आज आमी चूल पेटिवली न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "आळीत ताप लई हाय. असल्या दिसांत भायेरचं खाऊ नये मानसानं."

मी "बरं" म्हणालो आणि उठलो. ती पुन्हा ज्वारी निवडू लागली.